कमानीवरचा आकडा

दंडाची नोटीस आली तेव्हा ह्यांनी ती चष्मा न लावता, खिडकीपाशी उभं राहून खणखणीत आवाजात वाचून दाखवली. महामार्गावर साठची मर्यादा असताना गाडी सत्त्याण्णवने नेली, कॅमेऱ्याने टिपलं. वाचून झाल्यावर कागद टेबलावर आपटला आणि म्हणाले, उभा जन्म कंपनीची बस चालवली, डेपोत लोक मला 'काटा' म्हणायचे, वेगाचा काटा जागचा हलायचा नाही म्हणून. आता म्हातारपणी हा डाग लावून घेऊ? दंड भरणार नाही, भांडणार.

दंडाचं मला फारसं काही वाटलं नाही. माझा जीव सोमवारात अडकला होता. लेकीची रजा संपत आली होती. सोमवारपासून तिचं ऑफिस सुरू होणार, जावयांची ड्युटी पहाटेची, म्हणून चिमणीला, आमच्या नातीला, महामार्गाने पलीकडच्या गावातल्या पाळणाघरात रोज पोचवायचं काम ह्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. लेक निर्धास्त होती. बाबांसारखा ड्रायव्हर शोधून सापडायचा नाही, असं ती मैत्रिणींना सांगत सुटली होती. मलाही तसंच वाटत होतं. तरी त्या सत्त्याण्णवच्या आकड्याने मनात कुठेतरी कुसळ गेलं. हे आणि सत्त्याण्णव?

जावई महामार्गाच्या कंट्रोल रूममध्येच कामाला आहेत. शुक्रवारी संध्याकाळी दोघं चिमणीला घेऊन आली तेव्हा ह्यांनी चहाही घेऊ दिला नाही, आधी खटला उभा केला. म्हणाले, "जावईबापू, तुमचा तो बोर्ड आहे की सरडा? घटकेत रंग बदलतो. मी खालून गेलो तेव्हा शंभर होता. मी गेल्यावर तुम्ही साठ केला असणार."

जावई शांत माणूस. रस्त्यावर आडव्या लोखंडी कमानी असतात आणि त्यांच्यावर लाल वर्तुळात आकडा पेटतो, तो ते लोकच बदलतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. पुढे गर्दी झाली, धुकं पडलं, एखादी गाडी बंद पडली की आकडा खाली आणायचा, म्हणजे मागून येणाऱ्या गाड्या आधीच हळू होतात, एकमेकींवर आदळत नाहीत. कॅमेरा त्या आकड्याशी जोडलेला. कमानीवर शंभर असेल तर शंभरच्या वर जाणाऱ्यालाच धरतो, साठ झाला की साठच्या वर जाणाऱ्याला. पण आकडा बदलल्याबरोबर तो लगेच कोणाला धरत नाही. ज्यांनी जुना आकडा पाहिलाय त्यांना पुढे जाऊ देतो, मग कामाला लागतो. शिवाय कमानीवर खरोखर कोणता आकडा पेटलाय हे बघायला दुसरा कॅमेरा असतो. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवूनच नोटीस निघते.

"दाखवा मग फोटो," हे म्हणाले.

जावयांनी नोटिशीवरचा नंबर मोबाइलमध्ये घातला आणि फोटो टीव्हीवर लावले. एकात आमची गाडी, पाठमोरी. दुसऱ्यात कमान, काळ्या चौकोनात लाल वर्तुळ आणि मध्ये पांढरा, लखलखीत साठ. हे समोरच्या भिंतीला टेकून सोफ्यावर बसले होते.

"बाबा, काय दिसतंय?" जावयांनी विचारलं.

"शंभर. ढळढळीत शंभर. डोळे फुटलेत का तुमचे?"

मग लेकीला हसू फुटलं. म्हणाली, बाबा एकदा हट्टाला पेटले की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. जावईही हसले. हे उठले, रिमोट हवा म्हणून टीव्हीपाशी गेले, तिथे जरा वाकले आणि मग वळून म्हणाले, "साठ आहे, मान्य. पण माझ्या वेळी शंभर होता." पुन्हा तोच वाद सुरू झाला.

रिमोट सोफ्यावरच होता, ह्यांच्या मांडीशी. ते माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी मी देवापाशी बसले, पण माळ पुढे सरकेना. नोटिशीत गाडी टिपल्याची तारीख गुरुवारची होती. गुरुवारी दुपारपर्यंत मी बोलत नाही, हे माझं फार वर्षांचं व्रत. एरवी गाडीत माझं तोंड बंद नसतं. मला पाट्या वाचायची खोड आहे. दुकानांची नावं, ट्रकच्या मागची वाक्यं, कमानीवरचे आकडे, जे दिसेल ते वाचत जाते. पूर्वी हे वैतागायचे. म्हणायचे, शाळा सुटून जमाना झाला, आता तरी धडे वाचणं थांबव. अलीकडे वैतागेनासे झाले होते. मला वाटलं, संसारात शेवटी सगळ्याची सवय होते. त्या गुरुवारी आम्ही माझ्या बहिणीकडे निघालो होतो. साठ मला दिसला होता. मी गप्प होते, कारण तो ह्यांनाही दिसला असेल असंच मी धरून चालले होते.

आणि पेपर? गेल्या हिवाळ्यापासून हे पेपर बिनचष्म्याचा वाचत होते. शेजारीपाजारी कौतुक करायचे, ह्या वयात डोळे सुधारले म्हणून. मीही देवाचे आभार मानले होते. जवळचं असं अचानक सुधारतं तेव्हा कधी कधी मोतीबिंदू लांबचं खात असतो, हे तेव्हा कुठे सुचलं होतं.

कोणाला काही बोलले नाही. माझा अंदाज चुकीचा असला तर एका कर्त्या माणसाचा पाणउतारा होईल. बरोबर असला तर सोमवार उंबऱ्यावर येऊन उभा होता. रविवारी सकाळी ह्यांनी चिमणीची खुर्ची मागच्या सीटवर पट्ट्याने घट्ट बांधली, दोनदा हलवून पाहिली आणि म्हणाले, पाळणाघरापर्यंत एक फेरी मारून येऊ. लेकीने फोनवर सुचवलं, चिमणीलाही न्या की, तिला सवय होईल. मी म्हणाले, तिला झोपू दे.

महामार्गाला लागलो. ह्यांना स्वतःला किती दिसतं ते बघायला मी ओठ मिटून बसले. हे मौन देवासाठी नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच ते जड जात होतं. आमच्या पुढे एक टँकर होता. पहिल्या कमानीवर ऐंशी होता. टँकरने ब्रेक मारला, मागोमाग ह्यांनी मारला. काटा ऐंशीवर येऊन थांबला, सुतासारखा. दुसऱ्या कमानीवर पुन्हा शंभर, टँकर सुटला, हेही सुटले. बघणाऱ्याला वाटावं, काय हात बसलाय. पण ह्यांची मान किंचित पुढे झुकलेली होती आणि नजर कमानीवर नव्हतीच, टँकरच्या लाल दिव्यांवर होती.

थोड्या वेळाने हे म्हणाले, "आज गुरुवार आहे का?"

"रविवार."

"मग बोलत का नाहीस?"

पुढच्या फाट्याला टँकर डावीकडे वळून निघून गेला आणि समोरचा रस्ता एकदम मोकळा झाला. दूरवर एक कमान, तिच्यावर चाळीस. गाडी शंभरला होती. मनात म्हटलं, आता दिसेल, आता पाय उचलतील. कमान जवळ येत होती आणि हे निवांत होते, पुढे कोणी नाही म्हणजे रस्ता आपलाच, तसे. कमानीच्या पलीकडे, चढ संपतो तिथे, मला गाड्यांच्या पाठी दिसल्या. त्या हलत नव्हत्या.

"चाळीस," मी म्हणाले. "अहो, चाळीस. उभ्या आहेत गाड्या."

ब्रेक इतक्या जोरात लागला की पट्टा खांद्यात रुतला. मागे चिमणीची रिकामी खुर्ची पुढे झुकली आणि परत बसली. कमानीखालून गेलो तेव्हा काटा चाळीसच्या आत होता. चढावर पोचून रांगेच्या शेवटी थांबलो. हे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले, जणू गाडी अजून चालू आहे.

मग हे म्हणाले, लांबचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, आकड्याच्या जागी नुसता उजेड. जुन्या रस्त्यावर चालायचं, तिथल्या पाट्या पाठ होत्या. इथे आकडाच रोज वेगळा, पाठ करायचा तरी काय? मग पुढच्या गाडीच्या दिव्यांवरून आणि माझ्या वाचण्यावरून चालवत राहिले.

"मला वाटलं, तुला कळलंय, म्हणूनच वाचतेस," ते म्हणाले.

"मला काहीच कळलं नव्हतं."

रांग हळूहळू पुढे सरकली. ह्यांनी मग मला एक तोड सुचवली, आणि ती सुचवताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. मी रोज बरोबर यायचं. मी वाचायचं, त्यांनी चालवायचं, लेकीला काही कळवायचं नाही. हात तर अजून सोन्यासारखे आहेत. राहता राहिला गुरुवार, तर चिमणीसाठी गुरुवारी थोडं बोललं तर देव काही रागवायचा नाही.

खरं सांगते, मी डळमळले. व्रताचं म्हणाल तर नातीसाठी मी ते आनंदाने सोडलं असतं. आणि ह्या माणसाच्या हातातून गाडी काढून घेणं म्हणजे काय, ते ज्याने त्याला बसवरून उतरताना पाहिलंय त्यालाच कळेल. निवृत्तीच्या दिवशी हे डेपोतून घरी चालत आले होते, दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसायचं नाही म्हणून.

"आकडा मी वाचेन," मी म्हणाले. "पण त्या उभ्या गाड्यांवर आकडा लिहिलेला नव्हता."

रांग सुटली तेव्हा त्यांनी डावीकडची लेन धरली आणि चालत्या माणसाच्या वेगाने पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत गाडी नेली. मागचे हॉर्न वाजवत होते. पंपाच्या कडेला, हवा भरतात तिथे, इंजिन बंद केलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाले, तू सांग. मी हात पदराखाली घेतले. तो मोबाइल आमच्या दोघांच्या मध्ये तसाच राहिला, मग त्यांनी स्वतः लेकीचा नंबर लावला.

आधी हवापाण्याचं झालं. मग खुर्ची चांगली बसलीय, असं सांगितलं. लेक काहीतरी चेष्टेत म्हणाली असावी, कारण हे उगाच हसले. आणि मग हसणं न थांबवताच म्हणाले, "उद्या चिमणीला मी नेणार नाही. मला लांबचं दिसत नाही गं."

मग तिचा आवाज, घाबरलेला, आत्ता कुठे आहात, गाडी चालवताय का. हे म्हणाले, नाही, बंद केली. आईला गाडी येत नाही, तेव्हा जावईबापूंना इकडे पाठव. आणि त्यांना म्हणावं, दंड भरतो. डोळ्याच्या डॉक्टरचं काय ते उद्या बघू, तू ऑफिस चुकवू नकोस, चिमणीची उद्यापुरती सोय शेजारच्या काकूंकडे कर. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, जुन्या काळी डेपोतल्या कंट्रोलरला गाडी बिघडल्याची वर्दी द्यायचे तसं.

जावयांना यायला वेळ होता. हे उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले. मला आधी समजलंच नाही. मग मी उतरले. ते माझ्या जागेवर बसले, पट्टा ओढून लावला, गाडी कुठेच जाणार नव्हती तरी. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. मी मागचं दार उघडलं आणि चिमणीच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले.