कानाचा भाव

मोहना पोतनीसचा एका आकड्यावर विश्वास नसे. दोन आकड्यांवर थोडाफार. तीन आकडे जवळजवळ सारखे आले, की मग ती ते वहीत उतरवून खाली रेघ मारायची. करजणजवळच्या रंगांच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत, तिचं कामच ते होतं. टायट्रेशन करायचं, म्हणजे ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडायचा, रंग बदलला की थांबायचं, आकडा लिहायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

तिथल्या संयोगिता मॅडमनी पहिल्याच आठवड्यात तिला याच्या पुढची गोष्ट शिकवली होती. पीएच मीटरवर लागोपाठ तीनदा ७.०० आलं म्हणून मोहना खुशीत लिहून मोकळी झाली, तेव्हा मॅडमनी पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरांत ‘होल्ड’ असं दिसत होतं. मीटर सकाळपासून एकाच आकड्यावर थिजलेला होता.

“जवळजवळ सारखे आले तर समाधान मान,” मॅडम म्हणाल्या. “अगदी सारखे आले तर आधी यंत्र जिवंत आहे का ते बघ.”

मोहनाने हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, आणि पहिलं पान कोण उघडून बघतो?

मांजलपूरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीचा आवाज अडतीसवर असे. समोरचे पटेलकाका आपला टीव्ही न लावताच बातम्या ऐकत. बाबा, म्हणजे हेमचंद्र पोतनीस, चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवत होते. फळ्याकडे तोंड असताना शेवटच्या बाकावरची कुजबुज ज्यांना ऐकू यायची, त्यांना आता ताटात पोळी वाढताना ‘अजून एक?’ हेही हाताने विचारावं लागे.

पण मोहनाला खरं लागलं ते वेगळंच. दर रविवारी सकाळी बाबा, सुभानराव आणि श्रीपतराव कमाटीबागेतल्या एका ठरलेल्या बाकावर जमत. एकदा बाबांना स्कूटरवरून सोडून ती पाण्याची बाटली द्यायला मागे वळली, तर सुभानरावांनी काहीतरी किस्सा सांगितला होता. श्रीपतराव हसले. बाबांनी श्रीपतरावांकडे पाहिलं आणि मग तेही हसले, किंचित उशिरा. त्यानंतर दोन रविवारांतच बाबांचे गुडघे दुखायला लागले आणि बाग बंद झाली. तीन मजले मात्र ते त्याच गुडघ्यांनी रोज चढत-उतरत होते.

कान तपासणाऱ्या सानवीबेननी सांगितलं, “यंत्रं दोन लागतील. एकाचे बेचाळीस हजार. सव्वीस तारखेपर्यंत हा भाव आहे.”

“एकच घेतलं तर?”

“ऐकू येईल. पण आवाज कुठून आला ते नाही कळणार. त्याला दोन्ही कान लागतात.”

बाबा स्वतःचे पैसे घालायला तयार नव्हते. “या वयात ऐकण्यासारखं राहिलंय काय?” असं ते आईकडे बघत म्हणाले. तेव्हा मोहनाने तोऱ्यात सांगून टाकलं, “माझ्या पगारातून. दोन्ही.” घरी येऊन तिने बँकेतली शिल्लक पाहिली. बरोबर बेचाळीस हजार होते आणि वर काही किरकोळ. म्हणजे एक कान. हातात अठ्ठावीस दिवस.

अशा वेळी क्षितिज शाह भेटतो. तो प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याने थेपल्याचा डबा उघडायच्या आधी मोबाईल उघडला. “जो, बेन. तीन हप्त्यात डबल.”

पडद्यावर गॉगल घातलेला एक जिराफ होता. या आभासी नाण्याचं नाव लंबू कॉइन.

“याच्यामागे आहे काय पण?” मोहनाने विचारलं. “कंपनी? काही वस्तू? कुठलं तंत्र?”

“जिराफ छे ने! बीजुं शुं जोइए?”

आणखी काय हवं, याचं उत्तर द्यायला मोहनाकडे निदान अकरा मुद्दे होते. पण तिच्या डोक्यात ‘डबल’ हा शब्द जाऊन बसला होता. बेचाळीसचे चौऱ्याऐंशी. एका कानाचे दोन.

आधी खातं उघडायचं होतं. ॲपने तिचा चेहरा मागितला. ‘डावीकडे वळा. उजवीकडे वळा. पापण्या मिटा. चेहरा स्पष्ट नाही.’ बाल्कनीत उभी राहून ती पाचव्यांदा मान वळवत होती, तेव्हा आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “मान अवघडलीय का ग? तेल लावू?” मग पॅनकार्डावर तिचं नाव बाबांच्या नावासकट होतं आणि बँकेत नुसतं मोहना, यात दोन दिवस गेले. पैसे खात्यात पोचायला आणखी एक. या तीन दिवसांत लंबू पंधरा टक्के वर गेला. तिने विकत घेतला त्या दुपारी त्याने मान खाली घातली. जणू तिच्या पैशांचीच तो वाट बघत थांबला होता.

पहिल्या संध्याकाळी तिने वहीत लिहिलं: ०.९१. रुपये लिहिले तर आईला कळलं असतं, शिवाय रुपयांचा इथे अर्थही नव्हता. म्हणून तिने स्वतःचं एकक काढलं होतं. बेचाळीस हजार म्हणजे एक कान. रोज तीन नोंदी, सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. आणि नियम एकच: दोनाच्या जवळपास जाऊ दे किंवा न जाऊ दे, लागोपाठ तीन नोंदी एका टक्क्याच्या आत जुळल्याशिवाय विकायचं नाही. एका आकड्यावर विसंबून कुणी निर्णय घेतो का?

०.९१. ०.८४. १.०२. ०.९७. १.२०. ०.८८.

ब्युरेटने असं केलं असतं तर तिने ते फोडून टाकलं असतं. चौदा तारखेला आठ वाजता आकडा आला १.८६. एक वाजता १.५२. सहाला १.७१.

“वेच ने! विकून टाक!” क्षितिज ओरडला. “पावणेदोन कान तो छे!” एव्हाना त्यालाही त्या एककाची सवय झाली होती.

“नोंदी जुळत नाहीत.”

“अरे, आ बजार छे, तारुं टायट्रेशन नथी!”

“उद्या स्थिर होईल.”

दुसऱ्या दिवशी आकडा आला १.१४. जिराफ गॉगलमधून हसतच होता. त्यानंतर क्षितिज ‘होल्ड कर, होल्ड कर’ म्हणायला लागला, तेव्हा मात्र तिला त्याच्या डब्यातलं लोणचं गोड लागेना.

वीस तारखेला आईने वही पकडली. मोहना आंघोळीला गेली होती, वही जेवणाच्या टेबलावर, पंख्याच्या वाऱ्याने उघडी.

“हे काय ग? ‘कान ०.८३’?” आईने विचारलं. “प्रयोगशाळेत कान मोजतात तुमच्या?”

मोहनाने टॉवेल डोक्याला गुंडाळत सगळं सांगितलं. खोटं बोलायला लागणारी तयारी तिच्याकडे नव्हती. समोर बाबा पेपर वाचत होते. आईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात बोलायला काही हरकत नाही असं ठरवलं.

“म्हणजे बाबांचे कान तू जिराफाला दिलेस.”

“आई, तात्पुरते.”

“पोतनीस ना आपण? पणजोबा तुझे संस्थानचा खजिना मोजायचे. आणि तू!”

“तेव्हा चढ-उतार एवढा नव्हता.”

“मग एकच घेऊन टाक. चालशे. निदान एका कानाने तरी ऐकतील माझं.”

“आता एकसुद्धा येत नाही. पाऊणच्या थोडा वर येतो.”

आईने बाबांच्या ताटात पोळी वाढली आणि ‘अजून एक?’ असं बोट वर करून विचारलं. बाबांनी मान डोलावली. मोहनाला ते बोट बघवेना.

पैसे ॲपमधून बँकेत यायला दीड दिवस लागायचा. सानवीबेनची वेळ गुरुवारी सव्वीस तारखेला, सकाळी अकराची. म्हणजे मंगळवारची संध्याकाळ ही शेवटची. मंगळवारी सकाळी आठ वाजता मोहनाने कंपनीच्या बसमध्ये मोबाईल उघडला. १.३१३. एक वाजता हात धुऊन पुन्हा उघडला. १.३१३. सहा वाजता, परतीच्या बसमध्ये, तिने डोळे मिटून उघडले. १.३१३!

स्थिर! महिनाभर नाचून जिराफ शेवटी थकून उभा राहिला होता. दोन कान नाहीत, पण एक कान आणि दुसऱ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. उरलेले एकोणतीसएक हजार पुढच्या पगारावर उचल घेऊन, सानवीबेनला दोन हप्ते मागून, कसंही जमलं असतं. तिने ‘विका’ दाबलं, ‘हो, नक्की’ दाबलं, आणि मांडीवर वही ठेवून तिसरी नोंद करायला घेतली.

एकाखाली एक तीन आकडे, तिसऱ्या दशांशापर्यंत सारखे. पेन तिथेच थांबलं.

आधी यंत्र जिवंत आहे का ते बघ.

ॲपच्या अगदी वरच्या कडेला, केसाएवढी बारीक, एक पिवळी पट्टी होती. ‘देखभालीच्या कामामुळे भाव सकाळी ६.१० नंतर अद्ययावत झालेले नाहीत. आपला व्यवहार सेवा सुरू झाल्यावर चालू भावाने पूर्ण होईल.’ ‘रद्द करा’ दाबलं तर एक चाक फिरत राहिलं.

तिने क्षितिजला फोन लावला.

“ए तो सकाळपासून बंध छे,” तो शांतपणे म्हणाला. “मला वाटलं, तने खबर हशे. तूच तर तीनदा बघतेस!”

साडेआठ वाजता मोबाईल थरथरला. व्यवहार पूर्ण झाला होता, भाव १.०२. त्यातून ॲपची फी गेली, एक टक्का सरकारकडे जमा झाला, आणि हातात येणार होते बेचाळीस हजार एकशे नव्वद. चोवीस दिवस, सत्तर नोंदी, नफा एकशे नव्वद रुपये. त्यावर करही भरायचा होता.

तिने वही मिटण्यापूर्वी शेवटचं पान उलटलं, आणि तिला तिथे आपलं नसलेलं अक्षर दिसलं. लाल शाईत. पंधरवड्याची सरासरी तिने १.०७ लिहिली होती, त्याभोवती गोल होता आणि शेजारी: ‘१.०४. पडताळून पाहा. पायऱ्या दाखव.’

मोहनाने मान वर केली. बाबा पेपर वाचत होते. तोच पेपर, सकाळचा.

गुरुवारी सानवीबेननी एकच डबी उघडली. “तो कया कानमां नाखीए?” त्यांनी दोन्ही कानांकडे खूण करत विचारलं.

“डाव्या,” बाबा म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने. “ही उजवीकडे झोपते.”

“ऐकलंस?” आई मोहनाला म्हणाली. “आणि म्हणे ऐकू येत नाही!”

यंत्र कानात बसलं. बाबांनी डोळे बारीक केले. पंखा, बाहेरची रिक्षा, आईच्या बांगड्या, सगळ्यांची नोंद त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटत गेली. तेवढ्यात मोहनाच्या पर्समध्ये टिंग झालं. बाबा दचकले आणि खिडकीकडे पाहायला लागले. मोहना त्यांच्या दुसऱ्या बाजूला होती.

“काय वाजलं?”

भाव वर गेल्याची सूचना बंद करायचं राहून गेलं होतं. तिने पाहिलं. १.९७.

“लंबू, बाबा.”

“कितीवर आहे?”

“जवळजवळ दोन कान.”

बाबांनी विचार केला. “तीन नोंदी झाल्या?”

“नाही.”

“मग कशाला विश्वास ठेवतेस?” असं म्हणून ते पुन्हा खिडकीकडे वळले, कारण तिचा आवाज त्यांना तिथूनच येतोय असं वाटत होतं. मोहनाने तिथल्या तिथे जिराफ मोबाईलमधून काढून टाकला. दुसऱ्या कानासाठी तिने बँकेत महिन्याला चार हजारांची आवर्तक ठेव उघडली. तिचा आलेख सरळ रेघ होता. कंटाळवाणा आलेख तिला आयुष्यात कधी इतका आवडला नव्हता.

रविवारी बाबांचे गुडघे आपोआप बरे झाले. कमाटीबागेत सुभानराव आणि श्रीपतराव बाकावर आधीच बसले होते, मधे बाबांची जागा ठेवून. बाबा मधे बसले नाहीत. त्यांनी हाताने मापं घेत दोघांना डावीकडे सरकवलं आणि स्वतः उजव्या टोकाला, अगदी बाकाच्या लोखंडी हाताला टेकून बसले.

“अरे, पडशील!” श्रीपतराव म्हणाले.

“भूमिती आहे,” बाबा म्हणाले. “सगळे आवाज एका बाजूला.”

मोहनाने निघायला हवं होतं. किल्ली स्कूटरला लावलेली होती. सुभानरावांनी काहीतरी सांगितलं, आणि श्रीपतराव आणि बाबा हसले, एकदमच. ती थांबली. थोड्या वेळाने पुन्हा हसू आलं, पुन्हा बरोबर. श्रीपतरावांनी ठरवलं असतं तरी त्यांना बाबांच्या आधी हसता आलं नसतं. तरी ती किल्लीवर हात ठेवून उभी राहिली.

तिसऱ्यांदा तर किस्सा संपायच्या आतच बाबा हसले. मोहनाने स्कूटर सुरू केली.