दोर कोण धरणार?

लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या त्या वेल्डरला सारी गल्ली 'गेटवाले' म्हणायची. चारचौघांत बायकोही तेच म्हणायची. एका दुपारी हे गेटवाले वर्कशॉपमधून लवकर घरी आले आणि शिवणयंत्रावर पडदे शिवत बसलेल्या बायकोला म्हणाले, "काम बदलावं म्हणतोय."

"बदला की. काय करणार?"

"वेल्डिंगच."

"मग बदललं काय?"

"पाण्याखाली करणार."

यंत्र थांबलं. तिने चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, डोळ्यांत साबण गेला तर घर डोक्यावर घेता तुम्ही."

"लहानपणी तलावावर नेला तेव्हा काठालाच मिठी मारून बसला होता," आतल्या खोलीतून सासूबाईंनी री ओढली.

"आता येतं मला पोहता," गेटवाले म्हणाले. मग हळूच कबूल केलं, की वर्षभर ते पहाटे फिरायला नाही, पोहायला जात होते.

"म्हणजे ते केस पाण्याने भिजायचे? मला वाटलं, घाम. मी मेली मनातल्या मनात कौतुक करत होते."

ती हसली खरी, पण यंत्र पुन्हा सुरू केलं नाही. रविवारी बंदराजवळच्या पाणबुड्यांच्या शाळेत चाचणी होती. तीही निघाली.

तिथले मास्तर स्वतः जुने पाणबुडे. त्यांनी सुरुवातीलाच फुग्यातली हवा काढली. "वेल्डिंग क्वचित. एरवी गढूळ पाण्यात चाचपडायचं, जहाजाच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे."

"म्हणजे घासकाम," ती म्हणाली. "घरी एक पातेलं घासलं की यांचं मनगट धरतं."

मास्तरांना हसू आवरेना. गेटवाल्यांनी मुकाट्याने शिरस्त्राण चढवून घेतलं.

परीक्षा सोपी दिसत होती. गढूळ पाण्याच्या खोल टाकीत उतरायचं आणि दोन पाइपांचा जोड नटबोल्टने आवळायचा. कमरेला दोर. वरून एक झटका म्हणजे 'ठीक आहे ना?', खालून एक म्हणजे 'ठीक', चार म्हणजे 'वर ओढा'.

"दोर कोण धरणार?" मास्तरांनी विचारलं.

"मी," ती म्हणाली. मास्तर तिच्या शेजारीच उभे राहिले.

गेटवाले दिसेनासे झाले. वर नुसते बुडबुडे येत राहिले. तिने झटका दिला, खालून झटका आला. जरा वेळाने पुन्हा दिला, पुन्हा आला. आणखी एकदा दिला, तेव्हा मास्तर म्हणाले, "बाई, काम करू द्या त्यांना."

ती थांबली. पण किती थांबणार? तिने परत झटका दिला, आणि उत्तर आलं नाही. पुन्हा दिला. नाही. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शांतपणे बुडबुड्यांकडे बोट दाखवत म्हणाले, "श्वास चालू आहे. हात गुंतलेत."

मग एक झटका आला, सावकाश. तिने दोर छातीशी धरला आणि पुन्हा काही विचारलं नाही.

गेटवाले वर आले ते हसतच. "नट हातातून सुटला होता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तळाशी चाचपडून सापडला." मग म्हणाले, "खाली फार शांत होतं गं."

"असणारच. मी वर होते ना."

पण त्यांचं असं तोंड तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. गेट करून करून माणूस बंद गेटसारखाच झाला होता. परतताना बसमध्ये तिने दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाली, "जा. पण दोर धरणारा माणूस मी पारखून घेणार."

गेटवाल्यांना वाटलं, बायको थट्टा करतेय. ते शाळेत दाखल झाले, अंतिम परीक्षेत एकदा आपटले, पुढच्या खेपेला पास झाले. पहिलं काम मिळालं पुलाच्या खांबावरचे शिंपले खरवडण्याचं. महिनाभर ठिणगी म्हणून उडाली नाही.

पहिल्याच दिवशी ती धक्क्यावर हजर. दोर धरणारा गडी उंचापुरा, अनुभवी होता, पण एक नजर मोबाइलवर. तिने हात पुढे केला.

"द्या इकडे. संध्याकाळी मिळेल."

त्याने मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने दुसरीकडे पाहिलं. गड्याने निमूटपणे मोबाइल तिच्या हातात ठेवला आणि दोर दोन्ही हातांनी धरला.