खांद्यांवरचे पाढे

गावचा वडीलधारा झेनाली अक्साकाल मरायला टेकला होता आणि सगळ्या काराबुलाक गावात त्याच्या तब्येतीची खरी काळजी एकट्या बुरुलचाला होती. त्याच्या पोरांनासुद्धा एवढी नव्हती. त्यांनी मयताच्या जेवणाला कापायचा घोडा कधीच हेरून ठेवला होता.

बुरुलचा तिसरीची बाई; सगळं गाव तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचं. रोज शाळेत जाताना ती वाकडी वाट करून म्हाताऱ्याच्या फाटकाशी थांबायची. आतून खोकला ऐकू आला की तिच्या जिवात जीव यायचा. नाही आला, तर मेंढीच्या सुपाचा डबा घेऊन थेट आत. म्हाताऱ्याची सून सायरा एकदा म्हणालीच, "एजे, सख्ख्या बापाला तरी एवढं पाजलं होतंस का गं?" बुरुलचानं हसण्यावारी नेलं. खरं सांगायची सोय नव्हती.

खरं असं होतं की गुरुवारी जिल्ह्याहून तपासणी येणार होती. तिसरीत पोरं मूठभर. त्यांना पाढेसुद्धा येत नाहीत, मग वर्ग कशाला चालवायचा, बंद करा आणि पोरांना नदीपलीकडच्या शाळेत घाला, असा वरचा विचार. नदीवर झुलता पूल होता आणि दर वसंतात नदी त्याची एकदोन फळकुटं काढून न्यायची. पलीकडे पोरं तरी जाणार होती; बुरुलचानं कुठं जायचं हे कुणी बोललं नव्हतं. तेव्हा हेडमास्तर इशेन अगाय छाती काढून सांगून आला, "आमची पोरं पाढे म्हणत नाहीत, नाचतात. येऊन बघा."

आणि ते खोटं नव्हतं. पाठ करून करून पोरं शेळीसारखी रवंथ करायची आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मग एकदा बुरुलचानं वैतागून वर्गातल्या टेपवर कारा-जोर्गो लावला. तो नाच तिथल्या पोराला चालायच्या आधी येतो: घोडा दुडक्या चालीनं निघाला की स्वाराचे खांदे जसे उडतात, तसे खांदे उडवायचे, बस. तिनं उजव्या खांद्याला दहा नेमून दिले आणि डाव्याला एक. सात आठे? उजवा पाच वेळा, डावा सहा वेळा, छप्पन्न. महिन्याभरात पोरं आठाच्या पाढ्यापर्यंत घोडदौड करत गेली. डोक्यात काही शिरलं नव्हतं म्हणा. सगळं खांद्यात साठलं होतं.

आता घोळ कुठं होता, तर गावात मयत झालं की चाळिसावा दिवस होईपर्यंत तार छेडायची नाही आणि खांदा उडवायचा नाही. मागे एकाचा रेडिओ अशाच दिवसांत, गेलेली वीज परत आल्यावर, आपला आपणच वाजला होता. त्यानं तो नदीत फेकला, माफी मागितली, मेंढी कापली. तरी अजून लोक त्याच्याशी फक्त हवापाण्याचं बोलतात.

म्हणून बुरुलचानं मंगळवारी पोरांना हात मांडीखाली घेऊन बसवलं आणि खांदे न हलवता पाढे विचारले. एकालाही येईना. "सहा चोक?" असं विचारल्यावर एका पोरानं स्वतःच्या खांद्याकडं असं पाहिलं, जसं कुणी खुंटीला बांधलेल्या घोड्याकडं बघावं. खिडकीबाहेर ढगाचा तुकडा नव्हता, तरी वर्गात काळोखल्यासारखं झालं.

बुधवारी म्हाताऱ्याला बरं वाटलं. उठून बसला, घोडीचं आंबवलेलं दूध मागितलं, सुनेला दोन शिव्या घातल्या. गावातल्या शहाण्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं आणि पीठ मळायला घेतलं. असं बरं वाटणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं.

बुरुलचा डबा घेऊन गेली. म्हातारा तिच्याकडं टक लावून बघत राहिला.

"पोरी, तुझ्या सुपानं अडकवून ठेवलंय मला. उद्या निघीन म्हणतो."

"शुक्रवारी निघा ना, अक्साकाल," तिच्या तोंडून निसटलं.

म्हातारा हसला. हसता हसता खोकला लागला, आणि तो खोकला काही केल्या थांबेना. "बघतो," एवढं म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

शुक्रवारपर्यंत काही त्यानं बघितलं नाही. गुरुवारी उजाडता उजाडता त्याच्या अंगणात नमद्याचा, जाड लोकरीचा तंबू उभा राहिला. आत म्हातारा, त्याच्याभोवती भिंतीकडं तोंड करून गाऊन रडणाऱ्या बाया. बाहेर काठ्यांवर ओणवे होऊन पुरुष. नवा माणूस फाटकातून शिरला की सगळ्यांनी मिळून टाहो फोडायचा, तो बसला की चहाला लागायचं. कढईत बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले जात होते. घोडाही ठरल्याप्रमाणे गेला होता.

जिल्ह्याच्या तपासनीस राखात तुर्गुनोव्ना आल्या त्याच वेळी. मोटार शाळेवर गेली, शाळेला कुलूप. सगळं गाव इथं, म्हणजे पाहुण्यांनीही इथंच यायचं. दारात मयत असताना कुणी तसंच पुढं जात नाही, मग तो तपासनीस असो नाहीतर चोर. त्यांना बघून पुरुषांनी टाहो फोडला, त्यांनीही रीतसर फोडला, मग त्यांना मानाच्या जागी बसवून ताटात घोड्याच्या चरबीचा मोठा तुकडा वाढला.

बुरुलचाला वाटलं, सुटलो. आज तपासणी कसली. पण राखात तुर्गुनोव्नांनी चरबी संपवली, बोटं पुसली आणि म्हणाल्या की परत यायला पेट्रोल मिळणार नाही, पोरं तर सगळी इथंच दिसतायत, चार प्रश्न हळू आवाजात विचारून टाकू. इशेन अगाय "हो हो" म्हणाला. तो झोपेतसुद्धा वरिष्ठांना हो म्हणतो.

पोरं तंबूच्या कडेला ओळीनं उभी केली. आत, नमद्याच्या पलीकडं, हातभरावर म्हातारा. बुरुलचा ओळीतून फिरली आणि एकेकाच्या कानाशी म्हणाली, "खांदे हलवायचे नाहीत. मेलात तरी हलवायचे नाहीत." प्रेताच्या उशाशी नाचलेला वर्ग म्हटल्यावर रेडिओवाल्याची गोष्ट लोक विसरले असते.

"तीन साते?" राखात तुर्गुनोव्नांनी पहिल्याला विचारलं.

तो गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्याला "सहा चोक" विचारलं, तर त्यानं ओठ इतके दाबले की पांढरे पडले. राखात तुर्गुनोव्नांनी पेनाचं टोपण लावलं. इशेन अगायनं बुरुलचाकडं असं पाहिलं जसं आता तिचंच घर शोकात बुडणार होतं. नदीचा आवाज एवढ्या लांबून एरवी येत नसे. तिला तो आला.

"शेवटचा," राखात तुर्गुनोव्ना म्हणाल्या. "तू गं. सात आठे?"

ती आयदाय, ओळीतली सगळ्यात लहान. तिनं मान खाली घातली. बुरुलचानं डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच तिला कळलं की पोरीचा उजवा खांदा उडायला लागलाय. पाच वेळा. मग डावा.

"छप्पन्न," आयदाय म्हणाली.

काठीवर ओणवा झालेला एक म्हातारा सावकाश सरळ झाला. तंबूचं दार बाजूला सारून सायरा बाहेर आली. मान खाली घातलेली एवढीशी पोर आणि तिचे गदगद हलणारे खांदे तिनं पाहिले, आणि गुडघ्यांवर कोसळून तिनं आयदायला छातीशी धरलं.

"बघा गं बायांनो," ती ओरडली, "आमच्या घरचे कोरड्या डोळ्यांनी मांस खातायत आणि हे परक्याचं लेकरू हुंदके देतंय."

मग काय विचारता. आतल्या बायांनी सूर दुप्पट चढवला. घरच्यांना लाज वाटून तेही मनापासून रडायला लागले. राखात तुर्गुनोव्नांचेही डोळे वाहिले, पण पेनाचं टोपण पुन्हा निघालं; कर्तव्याला त्या पक्क्या. रडत रडत विचारत राहिल्या. आठ नवे? सात उजवे हुंदके, दोन डावे, बहात्तर. सहा चोक? दोन आणि चार. आता सगळी ओळ गदगदत होती आणि एकही उत्तर चुकत नव्हतं. बुरुलचाही रडली. तिला थांबवताच येईना, आणि आपण कशासाठी रडतोय हेही तिला सांगता आलं नसतं.

निघताना राखात तुर्गुनोव्नांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. वर्ग राहणार, म्हणाल्या. पण नाचबिच बंद. नाचानं काही होत नाही, ते त्यांनी आज डोळ्यांनी पाहिलं. पोरं गप्प होती, काळीज हललं आणि आकडे बाहेर आले. शिकायला दुःख लागतं. हे त्या वर कळवणार होत्या. इशेन अगाय म्हणाला की आपलं पहिल्यापासून हेच मत आहे.

वर्ग राहिला. वर्गातली टेप इशेन अगायनं त्याच संध्याकाळी उचलून नेली.

पंधरवड्यात नदीपलीकडून दोन माणसं आली, टोप्या हातात घेऊन. त्यांची आजी गेली होती. ते रडणारे विद्यार्थी एक दिवसापुरते मिळतील का, गाडी पाठवतो, जेवण आमच्याकडं. इशेन अगायनं बुरुलचाला विचारलंसुद्धा नाही. पोरं गेली, ओळीनं उभी राहिली आणि हळू आवाजात आठाचा पाढा पक्का करून आली. हात भरून बोरसोक घेऊन आली. मग आणखी एका घरी गेली. नाचायला आता तेवढीच जागा उरली होती आणि पोरांना ते बुरुलचाच्या आधी उमगलं.

एका सकाळी तिनं फळ्यावर नवाचा पाढा लिहिला. पोरांनी हात मांडीखाली घेतले, पाढ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"एजे," पुढच्या बाकावरून एकानं विचारलं, "नवाचा पाढा कुणाच्या घरी?"

तिनं खडू खाली ठेवायच्या आत वर्गानं गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची नावं सुचवायला सुरुवात केली. वाईट मनानं नाही. जो तो आपल्या अंदाजानं, हात वर करून, पाळीपाळीनं सांगत होता. आयदायनं स्वतःच्या आजीचं नाव सांगितलं.

"ती तयार होईल," ती म्हणाली. "तिला माझा अभ्यास फार आवडतो."