अनाक्लेतो मास्तरांची निवड

“खरं वाटणार नाही तुम्हाला. आजवर कुणालाच वाटलेलं नाही,” असे म्हणून अनाक्लेतो मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तेव्हाच निदियाने ओळखले, की दारातला कांद्याचा ट्रक आता लवकर हलत नाही.

ट्रकवाला परका होता. खिंडीत दरड कोसळली होती, रस्ता मोकळा होईपर्यंत त्याला कुठेतरी बसणे भाग होते. निदियाने दोघांपुढे गुळाचे गरम पाणी आणि चीजचा एकेक तुकडा ठेवला आणि ती पुन्हा बटाटे निवडायला बसली. मास्तरांची ही गोष्ट तिच्या दुकानातल्या मांजरालासुद्धा पाठ होती.

“हा आमचा चढ बघितलात ना? कुत्रं खालून भुंकायला लागतं, वर पोचेपर्यंत कशासाठी भुंकत होतो ते विसरतं. त्या चढावर मी गावची पोरं सायकलीवर तयार केली.”

“तुम्ही?”

“मग काय फादरनी? तर एका वर्षी बोगोताहून निरोप आला. एक पोर पाठवा, संघात घेतो. एकच. मी सगळ्यांना उभं केलं. म्हटलं, पोरांनो, पहिला कोण येतो ते मी बघणार नाही. पहिला काय, उतारावर सोडला तर भोपळाही येतो. मी माणूस बघणार.”

“वा, आजोबा!”

“वा कसलं! तिथंच तर घात झाला.”

इथवर सगळे खरे होते. कुत्रे सोडून.

“कार्मेन माउलीचा सण. फादरनी सायकलींवर तीर्थ शिंपडलं. धुकं असं, की थेंब खाली पडेनात, तिथंच लोंबकळले. शर्यत सुटली. एरवी ही कार्टी कोपरं मारून एकमेकांना खड्ड्यात घालणारी. त्या दिवशी मात्र, ‘तू हो पुढं.’ ‘छे, छे, आधी तू.’ एक दुसऱ्याला पेरूची वडी भरवतोय. एकानं वाटेतली गाय धरून मालकाच्या घरी पोचवली. मालक म्हणतो, अरे, ती हरवली कधी होती? तेवढ्यात एफ्राईनचं चाक पंक्चर झालं. मग काय, झुंबड! चाक एक आणि धरणारे अकरा. पंप मारायला रांग. सगळ्यांनी इतकी हवा भरली, की ते पुन्हा फुटलं. पोरं खूष! पुन्हा मदत करायला मिळाली ना!”

ट्रकवाल्याच्या नाकात गुळाचे पाणी गेले. खोकत खोकत तो म्हणाला, “मग जिंकलं कोण?”

“कोण जिंकणार? रेषेपाशी येऊन सगळे थांबले. पाय टाकील तो हावरा ठरेल ना! बँडवाले फुंकून फुंकून दमले. फादर जेवायला गेले.” मास्तरांनी चीजचा तुकडा मोडला. “एक पोरगी होती.”

निदियाचा हात बटाट्यावरच राहिला. गोष्टीत ही पोरगी दरवेळी येत नसे. कधी ती शेजारच्या गावची असायची, कधी ती पोरगी नसून पोरगा असायचा. नाव तर तिला कधीच नव्हते.

“निदिया तिचं नाव. ती सरळ पुढं गेली. ना चाकाकडं बघितलं, ना कुणाकडं. रेषा ओलांडली आणि खाली न उतरता तशीच घरी. गाईची धार काढायची होती तिला.”

निदियाने चाकाकडे बघितले होते. अकरा जण धरून आहेत, आपण काय धरणार, असे तिच्या मनात आले होते. एवढेच आले होते, की आता संघातली ती जागा आपली, असेही आले होते? इतकी वर्षे उलटूनपालटून पाहिले, तरी तिला ते ठरवता आले नव्हते. त्या संध्याकाळी मास्तर गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले होते. “पाय आहेत तुला, पोरी,” ते म्हणाले होते. “बाकी काही आहे का, ते मला दिसलं नाही.” तेव्हापासून गिऱ्हाइकाला एखादा बटाटा वर घालताना तिचा हात अडखळे. आपण देतोय, की देतोय असे दाखवतोय? ती बटाटा काढून घेई, मग पुन्हा घाली. तिच्या तराजूत खोट आहे, असे गावाला वाटे.

“मग पाठवलंत कुणाला?” ट्रकवाल्याने विचारले.

मास्तरांनी पेला खाली ठेवला. “डोकं चालेना माझं. थांबले होते ते सगळे मला दाखवायला थांबले होते. ती एकटीच मला विसरून सायकल चालवत होती. मग ह्यात माणूस कोण म्हणायचं, सांगा?”

हे वाक्य निदियाने आधी कधीच ऐकले नव्हते.

“निदियाला पाठवलं,” मास्तर म्हणाले. “बसच्या टपावर तिची सायकल चढवली. दोर मी माझ्या हातानं आवळला. पुढं युरोपात गेली ती. तिकडचे डोंगर ह्या चढापुढं म्हणजे उंबरठे! अजून नाताळात मला चॉकलेटं धाडते.”

थट्टा करतायत? माफी मागतायत? की म्हातारपणात सगळेच एकमेकांत मिसळून गेलेय? निदियाला काही उमगेना. मास्तर तिच्याकडे बघत नव्हते. क्षणभर तिला ती बस दिसली, टपावरची सायकल दिसली, खिडकीतला स्वतःचा चेहराही दिसला. चांगला दिसत होता. तसाच राहू द्यावा, असेही तिला वाटले.

“नशीब काढलं पोरीनं!” ट्रकवाला म्हणाला. “हल्ली कुठं असते?”

मास्तरांनी तोंड उघडले.

“खोटं आहे, मास्तर,” निदिया म्हणाली. ट्रकवाला वळून बघू लागला. “टपावर सायकल एफ्राईनची होती. आणि दोर मी आवळला. तुमचे हात कापत होते, तुम्हाला गाठ मारता येईना.”