कोपराचं माप

बायकोने ओट्यावर दोन्ही तळवे टेकवले आणि मिस्त्री तिच्या कोपराकडे बघतच राहिले.

गाडी तयार झाली होती. गिऱ्हाईक यायच्या आत एकदा सगळं नजरेखालून घालावं म्हणून दोघं आत शिरले होते. मिस्त्री कप्प्यांची दारं उघडून, मिटून बघत होते. ती आपली सहज गाडीतल्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली, आणि तिचं कोपर ओट्याच्या वर बरोबर चार बोटं आलं. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नसतं. पण ज्याने उभा जन्म लोकांची कोपरं मोजण्यात घालवला, त्याच्या नजरेतून ते सुटणार कसं?

ओटा माणसाच्या कोपराखाली चार बोटं, हा मिस्त्रींचा कायदा. पलंग माणसापेक्षा एक वीत लांब, हा दुसरा. कुणी मासिकातलं चित्र दाखवून "अस्सं हवं" म्हणालं की ते म्हणायचे, "चित्र राहू द्या. आधी सरळ उभे राहा." माप घेतल्याशिवाय या माणसाने कधी लाकडाला करवत लावली नाही. त्याचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवतही नसत.

गाड्यांचा धंदा मात्र बायकोच्या डोक्यातून निघालेला. लोक दुकानातून तयार फर्निचर उचलू लागले, वर्कशॉपमध्ये माश्या मारायची वेळ आली. तेव्हा ती म्हणाली, जुन्या व्हॅन घेऊ, आत पलंग, ओटा, कपाटं बसवू. हल्ली लोक घर बरोबर घेऊन हिंडतात. समोरचा वेल्डर पोट धरून हसला. "घर चाकांवर? मिस्त्री, वहिनींना ऊन लागलं काय हो?" मिस्त्रीही हसले होते. पण पंधरवडा उलटायच्या आत ती एक जुनी व्हॅन चालवत घेऊन आली. पहिलं गिऱ्हाईक मिळालं म्हणाली. एक बाई आहे, तिला यायला जमणार नाही, मापं कळवेल.

"एकटीच?" मिस्त्रींनी विचारलं होतं. "बाईमाणसाला एकटीला कुठे जायचंय?"

"विचारून सांगते," ती म्हणाली होती.

मापं आली आणि मिस्त्री कामाला लागले. पत्र्याला आतून फोमचं अस्तर लावलं, वर पातळ फळ्या ठोकल्या. वेल्डरकडून खिडकी कापून घेतली, कारण बाईला झोपल्या झोपल्या बाहेर दिसायला हवं होतं. पलंग एकीचा. खुर्ची एक. कपासाठी आकडा एक. "नखरेल आहे हो तुझी बाई," मिस्त्री रोज चेष्टा करायचे, "पण अक्कल आहे. काय हवं ते तिला पक्कं ठाऊक आहे." खरं सांगायचं तर न पाहिलेल्या त्या बाईवर त्यांचा जीवच जडला होता. बांध्याने ठेंगणी असणार, डावखुरी असणार, कारण शेगडी तिला डाव्या हाताला हवी होती. अशी बाई कोण असेल, याचा विचार करत ते रंधा मारायचे. घरी येऊन डावखुऱ्या बायकोच्या हातचं जेवायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

"जरा पलंगावर आडवी हो बघू," मिस्त्री म्हणाले.

ती आडवी झाली. तिच्या टाचांपासून पलंगाच्या कडेपर्यंत मिस्त्रींनी अंगठा आणि करंगळी ताणून हात ठेवला. एक वीत. मिस्त्री पलंगाच्या कडेला टेकले.

"तूच?"

"हो."

"आणि गाडी?"

"माझीच. माहेरी आईकडून माझ्या वाट्याला आलं होतं त्यातून घेतली."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मिस्त्रींना या वयात कळलं. आधी राग आला. मग रागाला धरायला काही सापडेना, म्हणून भीती आली.

"अगं, मी काय केलं? कधी हात उगारला? कधी वेडावाकडा शब्द?"

"नाही. काहीच केलं नाहीत." ती उठून बसली. "घरचा ओटा कुणाच्या मापाचा आहे?"

घरचा ओटा मिस्त्रींच्या आईच्या मापाचा होता. आई चांगली उंचपुरी. लग्न होऊन ही आली तेव्हा हिचं कोपर ओट्याच्या खालीच राहायचं. मिस्त्रींनी तिला उभं राहायला एक पाट करून दिला, चांगला सागवानी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवला. आई जाऊनही वर्षं लोटली. दगडाचा ओटा, कोण तोडणार, म्हणून तो तसाच राहिला आणि ही पाटावरच राहिली. शहरभर बायकांची कोपरं मोजत फिरलेल्या माणसाने घरातलं एक कोपर कधी मोजलं नव्हतं.

"उद्या तोडतो," ते घाईने म्हणाले. "उद्या कशाला, आत्ता. छिन्नी घेऊन येतो."

"बसा हो. ओट्यासाठी कुणी घर सोडतं का?"

"मग कशासाठी?"

"तुम्ही विचारलं होतंत, बाईला एकटीला कुठे जायचंय. मी म्हणाले, विचारून सांगते. रोज वाट बघितली. आज विचाराल, उद्या विचाराल. तुम्ही बिजागऱ्यांचं विचारलंत, रंगाचं विचारलंत. ते नाही विचारलंत." ती थांबली. "विचारलं असतंत तर कदाचित पलंग दोघांचा सांगितला असता."

कुणी थोबाडीत मारली असती तर मिस्त्रींना परवडलं असतं.

"आता विचारतो. कुठे जायचंय तुला?"

"समुद्राच्या कडेकडेने. रस्ता संपेल तिथवर."

"आणि परत?"

"ते मलाच अजून माहीत नाही. खोटं कशाला बोलू?"

मागच्या दाराला आतून कडी लावायची राहिली होती. मिस्त्री उठले, ड्रिल आणलं आणि कडी बसवली. ती लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावून पाहिली. मग त्यांनी गाडीत दुसरं काही करण्यासारखं शोधलं. काही उरलं नव्हतं. काम चोख झालं होतं.

"रात्री ही लावत जा," ते म्हणाले. डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"लावेन," ती म्हणाली. तिचेही भरले होते. पण ती पुढे जाऊन स्टिअरिंगपाशी बसली.

वर्कशॉपचं फाटक अरुंद. माल पोचवायचा टेम्पो इतकी वर्षं तीच चालवायची, पण तो मागे घेताना मिस्त्री हमखास पाठीमागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे, बस्स" करत हात हलवायचे. आपण नसलो तर ही पत्रा घासणार, याची त्यांना खात्री होती. आत्ताही ते सवयीने फाटकाशी गेले आणि त्यांनी हात वर केला. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. आरशात पाहिलं, स्टिअरिंग वळवलं आणि दोन्ही खांबांपासून सारखं अंतर राखत गाडी एका दमात बाहेर काढली.

मिस्त्रींचा हात वरच राहिला. समोर वेल्डरने काम थांबवलं, डोळ्यावरचा चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्याने ओरडला, "गेली का हो पहिली गाडी? गिऱ्हाईक खूश ना, मिस्त्री?"

"हो," मिस्त्री म्हणाले. "खूश आहे."