तळाची वीट

तलावाचे मॅनेजर तसे वाईट माणूस नव्हते. पण आपण माणूस नुसता बघूनच ओळखतो, या समजुतीने त्यांना आयुष्यात जेवढं छळलं तेवढं गुडघ्यांनीही छळलं नसेल. बावीस वर्षं ते हा पोहण्याचा तलाव सांभाळत होते आणि बावीस वर्षांत इथे एकही माणूस बुडाला नव्हता. हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत आणि जुन्या माणसाला दर पाच मिनिटांनी.

याचं श्रेय खरं म्हणजे एका विटेला होतं. लाल रबराची, हातात मावेल एवढी, पाण्यात टाकली की सरळ तळ गाठणारी. जीवरक्षकाच्या नोकरीला जो कोणी येईल त्याच्यासमोर मॅनेजर ती खोल बाजूला टाकत, बारा फूट पाण्यात, आणि म्हणत, आण. अर्ध्या मिनिटात वीट वर आली तर माणूस आत, नाही आली तर माणूस बाहेर. मग तो कोणाचा का जावई असेना.

त्या वर्षी मात्र सगळंच एकदम अंगावर आलं. तलाव रिकामा करून तळाच्या फरश्या बदलायचं काम निघालं आणि त्याच आठवड्यात जुना जीवरक्षक लग्न करून बायकोच्या गावी निघून गेला. उन्हाळी वर्गांची नावं भरून झाली होती. आठ दिवसांत तलाव उघडायचा होता. तलावातलं पाणी आधीच गेलं होतं, आता मॅनेजरांच्या तोंडचंही पळालं.

अशात एक दिवस सकाळी तो आला. वय चाळिशीचं, उंची सहा फूट, खांदे दाराएवढे, आणि आवाज असा की फरश्या बसवणारा गवंडी हातातली थापी खाली ठेवून वळून बघायला लागला. मॅनेजरांनी विचारलं, तलावावर काम केलंय का? तो म्हणाला, पाच वर्षं. त्या पाच वर्षांत कोणी बुडालं का? एकही नाही, तो म्हणाला. मॅनेजरांना अगदी भरून आलं. हा आपल्याच जातकुळीतला, त्यांनी मनात ठरवूनही टाकलं.

तिकीटखिडकीत त्यांची थोरली बहीण बसायची. तिला सगळे ताई म्हणत, मॅनेजरही. लहानपणी नदीत पोहताना ताईने या भावाला दर वेळी मागे टाकलं होतं आणि आता बासष्टाव्या वर्षी ती त्याला बोलण्यात मागे टाकायची. तिने खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं की याच्या आधीच्या तलावावर फोन केलास का. मॅनेजर म्हणाले, नंबर लिहून घेतलाय, करू सावकाश. तू माणूस बघ ना कसा आहे. ताई म्हणाली की धिप्पाड तर आपलं कपाटही आहे, त्यालाही घ्यायचं का कामावर.

पण नियम तो नियम. वहीत विटेचा रकाना होता आणि तो कोरा ठेवणं मॅनेजरांच्या अगदी जिवावर आलं. म्हणून त्यांनी वीट घेतली आणि रिकाम्या तलावाच्या खोल बाजूला टाकली. ती नव्या फरशीवर दोनदा उडाली आणि गवंड्याने मॅनेजरांना काय काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. उमेदवाराने एकदा विटेकडे पाहिलं, एकदा मॅनेजरांकडे. मग बूट काढले, शिडीने तळाला उतरला, वीट उचलली, शिडीने वर आला आणि अदबीने मॅनेजरांच्या हातात दिली. मॅनेजरांनी वहीत लिहिलं: वीट आणली, अठ्ठावीस सेकंद. खाली झोकात सही केली.

पाणी भरलं की पुन्हा एकदा बघू, असं ते स्वतःशी म्हणाले. आता माणूस स्वतःशी जे म्हणतो त्याची आठवण करून द्यायला दुसरं कोणी नसतं, हीच तर पंचाईत आहे. पाणी भरलं, मुलं आली, आरडाओरडा सुरू झाला आणि ते राहूनच गेलं.

आणि खरं सांगायचं तर त्या माणसाबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. पहिल्याच आठवड्यात मुलांनी त्याचं नाव शिट्टीकाका पाडलं. कोणी काठावर पळालं की शिट्टी. कोणी कोणाचं डोकं पाण्यात दाबलं की शिट्टी. कोणी नुसतं तसा विचार करताना दिसलं तरी शिट्टी. उंच खुर्चीत बसून तो पाण्याकडे असा टक लावून बघायचा की पापणी लवताना कोणाला दिसायची नाही. आया खूश होत्या. मॅनेजर रोज तिकीटखिडकीपाशी जाऊन ताईला विचारत, बघितलंस? ताई तिकीट फाडत म्हणायची, बघतेय.

ती खरंच बघत होती. संध्याकाळी कामावरच्या सगळ्यांचे टॉवेल मागच्या दोरीवर वाळत घालायचं काम तिचंच होतं. सहाव्या आठवड्यात, शनिवारी, ती एक टॉवेल घेऊन भावाच्या टेबलापाशी आली. तिचं म्हणणं असं की पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा टॉवेल रोज पिळून घ्यावा लागतो, झाडूवाल्याचासुद्धा ओला असतो, पण शिट्टीकाकांचा टॉवेल सहा आठवड्यांत एकदाही ओला झालेला नाही. दुकानातून आणला तेव्हाची घडीसुद्धा मोडलेली नाही. मॅनेजर हसले. जीवरक्षक कोरडा असणं हीच तर तलावाची शान, ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा म्हटलं. ताई दोन्ही वेळा हसली नाही.

घरी जेवताना मात्र त्यांची सात वर्षांची नात त्यांच्या शेजारी बसली होती. दुसऱ्या दिवशी तिचा वर्ग पहिल्यांदा खोल बाजूला जाणार होता आणि आठवडाभर तिने घर डोक्यावर घेतलं होतं. तिच्या आईने विचारलं, भीती नाही ना वाटत? नात म्हणाली, "भीती कशाला? शिट्टीकाका आहेत ना. आजोबांनीच ठेवलंय त्यांना."

मॅनेजरांना तो घडी न मोडलेला टॉवेल आठवला, मग ती शिडी आठवली, आणि मग पुढचं जेवण काही गेलं नाही.

रविवारी सकाळी खोल बाजूच्या काठावर बारा मुलं ओळीने उभी होती, पायांची बोटं काठावर घट्ट रोवून. नात तिसरी होती. शिकवणाऱ्या बाई एक-दोन-तीन म्हणायच्या बेतात होत्या, तेवढ्यात मॅनेजर हातात लाल वीट घेऊन लगबगीने आले आणि म्हणाले, थांबा. त्यांनी शिट्टीकाकांना खुर्चीतून खाली बोलावलं आणि वीट पाण्यात टाकली. ती डुबुक करून गेली आणि तळाशी लाल ठिपका होऊन बसली.

"आणा," मॅनेजर म्हणाले.

शिट्टीकाकांनी टोपी काढली, घड्याळ काढलं, शिट्टी काढली. काठावर आले आणि उभे राहिले. मुलांना वाटलं खेळच आहे, त्यांनी मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली. तीस झाले. साठ झाले. शंभराला मुलंही कंटाळून गप्प झाली. तेव्हा तो एवढा मोठा माणूस वळला आणि अगदी हळू आवाजात बोलला.

"साहेब, मागच्या वेळी पाणी नव्हतं."

मॅनेजरांनी ओळीतल्या बारा डोक्यांकडे पाहिलं, त्यातल्या तिसऱ्या डोक्याकडे जास्तच वेळ पाहिलं, आणि शिकवणाऱ्या बाईंना मुलं काठापासून दहा पावलं मागे घ्यायला सांगितलं. सहा आठवडे हा तलाव नुसत्या नशिबावर चालला होता. ओरडावंसं फार वाटत होतं, पण ओरडणार कोणावर? वहीतल्या अठ्ठावीस सेकंदांखाली सही कोणाची होती?

एवढ्यात धप्पकन आवाज झाला. तिकीटखिडकी सोडून आलेल्या ताईने चष्मा खुर्चीवर ठेवला होता आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली होती. सगळे आ वासून बघत राहिले. थोड्या वेळाने पांढरं डोकं वर आलं, मग लाल वीट. काठावर येऊन तिने ती ओलीचिंब वीट भावाच्या हातात ठेवली. तिला धाप लागली होती, पण बोलायचं तेवढं ती बोलली.

"आता फोन कर."

मॅनेजरांनी निमूट फोन केला, शिट्टीकाकांना समोर बसवून. पलीकडच्या माणसाने तोंड भरून कौतुक केलं. पाच वर्षं होता, एक दिवस उशीर नाही, सरळ माणूस. काम काय करायचा? तिकिटं फाडायचा, दारावर. पाण्याच्या तर जवळपासही फिरकायचा नाही बिचारा, फार भीती त्याला.

शिट्टीकाकांनी मान खाली घातली. बाहेर माणूस पाहिजे एवढीच पाटी होती, ते म्हणाले. ते दारावरच्या कामासाठीच आले होते. वीट कशाला आणायची हेही त्यांना कळलं नव्हतं. साहेबांनी शिट्टी गळ्यात घातली तेव्हा कळलं, पण हातातली नोकरी सोडवेना. शिकून घेऊ असं रोज वाटायचं. "पण गळ्यात शिट्टी असलेल्या माणसाने कोणाला सांगायचं, मला पोहायला शिकवा म्हणून? डोळे जळायचे साहेब, तरी मिटले नाहीत. नजर हटली आणि कोणी बुडालं, तर मला उडी मारता येणार नाही, हे मला एकट्यालाच माहीत होतं."

मॅनेजरांनी विटेवरून टेबलावर ओघळणारं पाणी बाहीने पुसलं. मग म्हणाले, "तुम्ही गप्प बसलात ही तुमची चूक. मी विचारलंच नाही ही माझी. आणि माझी मोठी."

खोल बाजू आठ दिवस बंद राहिली. नवी जीवरक्षक मुलगी आली तिला मॅनेजरांनी तीनदा वीट आणायला लावली, पहिल्यांदा नियमासाठी आणि पुढे दोनदा स्वतःच्या जिवाला शांतता म्हणून, आणि तिच्या आधीच्या दोन्ही तलावांवर फोन केले. शिट्टीकाका तिकीटखिडकीत ताईच्या हाताखाली लागले. तिथे त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. रोज सकाळी पोटाला फुगा बांधून ते उथळ बाजूला उतरत आणि मॅनेजरांची नात कमरेवर हात ठेवून त्यांना पाण्यात बुडबुडे काढायला शिकवे. ते भेदरून काठाला चिकटले की ती तोंडाने शिट्टी वाजवायची.

पुढच्या वर्षी जीवरक्षकाची आणखी एक जागा निघाली. रांगेत शेवटी शिट्टीकाका उभे होते, हातात जीवरक्षकाच्या प्रशिक्षणाचा कागद घेऊन. मॅनेजरांनी कागद उलटसुलट करून पाहिला, तो देणाऱ्यांना फोन लावून खात्री केली आणि मग वीट टाकली. बारा फूट पाणी. सव्वीस सेकंद. त्यांनी वहीत लिहिलं आणि शेजारी स्वतःच्या हाताने आखलेल्या नव्या रकान्यातही लिहिलं: तलावात पाणी होते. सही करायला पेन टेकवलं आणि थांबले.

"आधीच्या कामाच्या ठिकाणी एक फोन करायचा राहिलाय," ते म्हणाले.

त्यांनी नंबर फिरवला. चार पावलांवर तिकीटखिडकीत फोन वाजला. ताईने उचलला आणि काचेतून भावाकडे बघत, जणू ओळखच नाही अशा आवाजात हॅलो म्हटलं. मॅनेजरांनी घसा खाकरून विचारलं की आपल्याकडे काम करणारे हे गृहस्थ कसे आहेत.

ताईने वळून मागच्या दोरीकडे एक नजर टाकली.

"टॉवेल ओला आहे," ती म्हणाली. "घ्या ठेवून."