फट नसलेलं कपाट

सुताराने जादूसाठी घरीच कपाट बनवलं. बायकोने आत शिरायचं, मागची फळी सरकवून चोरकप्प्यात बसायचं, आणि फळी अशी बसायची की सांधा नखालाही लागू नये.

"खुर्चीचा पाय महिनोन् महिने डुगडुगतोय," बायको म्हणाली, "मला नाहीसं करायला मात्र वेळ आहे."

गल्लीतल्या कार्यक्रमात प्रयोग झाला. बायको आत गेली, दार लागलं, उघडलं तर कपाट रिकामं. टाळ्या पडल्या, सुताराला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मेहुणा म्हणाला, "दाजी, मागच्या फळीला फट दिसतेय."

फसवताय म्हणाला असता तर सुतार हसला असता. पण ही तर थेट त्याच्या हाताला नावं ठेवणं झालं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या कामात फट? ही बघ." त्याने फळी ओढून बाहेर काढली आणि तिची गुळगुळीत कड मेहुण्याच्या नाकासमोर धरली.

चोरकप्प्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली बायको शांतपणे म्हणाली, "खरंच हो, फट कुठेच दिसत नाही. मीच तेवढी दिसतेय."